बँकॉकचा राजवाडा त्या दिवशी उघडाच होता

बँकॉक मला नवे नाही, आणि माझी फसवणूक नेमकी त्यामुळेच झाली. छायाचित्रणाच्या कामासाठी मी तेथे प्रथम २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. १३ तारखेला थायलंडचे राजे भूमिबोल यांचे निधन झाले, राजवाड्यासमोरचे सनाम लुआंगचे मैदान काळ्या कपड्यांतील माणसांनी भरून गेले आणि राजवाडा महिनाअखेरपर्यंत पर्यटकांसाठी खरोखरच बंद राहिला. त्यामुळे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये, पुन्हा पोहोचल्यावर पहिल्याच सकाळी, "आज राजघराण्याचा विधी आहे, राजवाडा एक वाजता उघडेल," असे एका गृहस्थाने सांगितले, तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

नदीतल्या नारिंगी झेंड्याच्या प्रवासी बोटीने था तियनच्या धक्क्यावर उतरून मी राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीकडेने चाललो होतो. गृहस्थ पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कसलेसे ओळखपत्र. त्यांनी आधी राजवाड्याचा विषयच काढला नाही. माझी लेन्स पाहून तिची चौकशी केली, आणि नंतर म्हणाले की, एका लहानशा मंदिरात सकाळचे ऊन थेट मूर्तीवर पडते आणि तेथे पर्यटक फिरकत नाहीत. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा मोठे आमिष नसते. त्यांनीच टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, थांबवली आणि तीन ठिकाणांचे ४० बाट ठरवून दिले. म्हणजे आपले शंभर रुपयेसुद्धा नाहीत. पुण्यात एखादा रिक्षावाला मीटरपेक्षा कमी घ्यायला निघाला असता, तर मी घाबरून उतरलो असतो. तेथे मात्र मी त्याला थाई लोकांचा चांगुलपणा समजलो.

मंदिर खरेच निवांत होते. खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप बुद्धमूर्तीच्या गुडघ्यावर पडली होती आणि तिच्यात उदबत्तीचा धूर तरंगत होता. पायरीवर बसलेला, स्वतःला शाळामास्तर म्हणवणारा एक माणूस आपणहून बोलू लागला. सरकार वर्षातून एकच आठवडा रत्नांवर करमाफी देते, आज शेवटचा दिवस आहे आणि मीही बायकोसाठी नीलम घेतला, असे तो म्हणाला. मी कॅमेरा उचलताच त्याने मान फिरवली. तो मला लाजरेपणा वाटला. टुकटुकवाल्यानेही, मी न विचारता, त्याच करमाफीचा उल्लेख केला. एकमेकांशी संबंध नसलेली दोन माणसे एकच सांगतात म्हणजे ते खरे असणार, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती एकाच साखळीतली असतात, आणि गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोहोचवल्याबद्दल चालकाला इंधनाचे कूपन मिळते.

दुकानात गारवा, चहा, भिंग आणि कांचनबुरीच्या खाणींच्या गोष्टी होत्या. कांचनबुरीचा नीलम प्रसिद्ध आहे, हे खरे आहे. माझा खडाही काचेचा नव्हता, हीच त्यातली हुशारी. २४ हजार बाट, म्हणजे सुमारे ५७ हजार रुपये, मी कार्डाने दिले. खडा प्लास्टिकमध्ये सीलबंद करून, सील फोडल्यास परत घेणार नाही, असे बजावण्यात आले. आपल्याकडे नीलम लाभतो की नाही ते पाहण्यासाठी उशाखाली ठेवून झोपतात. मी तेवढीही सबुरी दाखवली नाही. मुंबईत झवेरी बाजारातल्या जाणकाराने तो हलक्या प्रतीचा ठरवून आठ हजारांच्या वर किंमत केली नाही, आणि व्यवहार पिन टाकून केलेला असल्यामुळे बँकेने तक्रार फेटाळली.

बँकॉकला जाणाऱ्यांनी एवढे करावे: राजवाडा बंद असल्याचे रस्त्यावर कोणी सांगितले, तर त्याच्याशी वाद न घालता ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य प्रवेशद्वारापर्यंत स्वतः चालत जावे. राजवाडा एरवी सकाळी साडेआठला उघडतो आणि तिकिटे दुपारी साडेतीनपर्यंत मिळतात. मी साडेबारा वाजता तेथे पोहोचलो तेव्हा लोकांची रांग आत चालली होती आणि ध्वनिक्षेपकावरून, राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी माणसांवर विश्वास ठेवू नका, असे इंग्रजीत सांगितले जात होते.

दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिल्यावर मी ११५५ या क्रमांकावर पर्यटक पोलिसांना फोन केला. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले आणि, तुम्ही छायाचित्रकार आहात, तर त्या माणसांचे फोटो असतील, असे म्हटले. दोनशेहून अधिक फोटो होते. त्यांत ऊन होते, धूर होता, मूर्तीचा गुडघा अकरा वेळा होता. मंदिराबाहेर उभ्या टुकटुकचाही एक चांगला फोटो होता. नंबरप्लेट तेवढी मी चौकटीबाहेर ठेवली होती, कारण ती रचनेत खुपत होती.