नऊ वर्षांचा लॅब्रा (लॅब्राडोर कुत्रा) या शेल्टरमधून घरी आणला, तीन महिन्यांनंतर लिहितेय

पुण्याजवळच्या या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये आम्ही गेलो होतो पिल्लू बघायला. तिथल्या ताईंनी आधी विचारलं दिवसभर घरी कोण असतं, म्हटलं फक्त आई, अडुसष्ट वर्षांची, तर त्या म्हणाल्या मग पिल्लू नको, दर दोन तासांनी शू पुसायची, चपला कुरतडणार, काकूंना झेपायचं नाही, तुम्ही राजाला भेटा. वय साधारण नऊ, तोंड पांढरं झालेलं, आधीच्या मालकांनी घर बदलताना सोडून दिलेला.

लगेच पट्टा हातात नाही दिला हे मला फार आवडलं. तीन वेळा बोलावलं, फिरवायला लावलं, मग घर बघायला आले आणि टाइल्स बघून म्हणाले, याचे मागचे पाय घसरतील, सतरंज्या टाका. निघताना त्याची तिथली चादर बांधून दिली आणि बजावलं, महिनाभर धुवू नका, ओळखीचा वास राहू दे. आईला अजिबात पटलं नव्हतं पण पहिले दहा दिवस तो त्या चादरीवरच पडून असायचा, तेही दाराकडे तोंड करून, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा, मला बघवायचं नाही हो.

त्यांनी सांगितलेलं, तीन दिवस बावरेल, तीन आठवड्यांत रुळेल, तीन महिन्यांत तुमचा होईल. अकराव्या दिवशी आई मटार सोलत बसलेली, हा हळूच उठून आला आणि हनुवटी तिच्या पावलावर ठेवून झोपला. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, आई हलली नाही, मलाच हाका मारत बसली गॅस बंद कर म्हणून.

एक स्टार कापला तो फाइलसाठी. लसीकरणाचं कार्ड होतं, रक्ताचे रिपोर्ट नव्हते. आम्ही आमच्या डॉक्टरांकडे सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), किडनी, लिव्हर सगळं केलं तर प्लेटलेट्स कमी, टिक फिव्हर म्हणजे गोचिडांमुळे होणारा ताप निघाला, २८ दिवस डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक. म्हाताऱ्या कुत्र्याच्या या टेस्ट देण्याआधी झाल्याच पाहिजेत. सांध्यांच्या दुखण्याचं औषधही डॉक्टरांनी दिलेलंच द्या, घरातली आयब्युप्रोफेन वगैरे गोळी चुकूनसुद्धा नको, कुत्र्यांना विषारी असते ती.

जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा, रविवारी गर्दीत म्हातारी कुत्री पिंजऱ्यात मागे सरकून बसतात, दिसतच नाहीत. आणि चादर मागून घ्या.