जुन्या एच६१ बोर्डवर साटा एसएसडी : सात-आठ महिने वापरून झाल्यावर

आमच्या डीटीपीच्या दुकानातला डेस्कटॉप जुनाच आहे, आय३ तिसऱ्या जनरेशनचा, मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, रॅम ८ जीबी. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, वाढदिवसाचे फ्लेक्स, असलं काम. त्यात २४० जीबीची साधी साटा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी, साटा केबलने जोडायची ड्राइव्ह, टाकली आणि अख्खी लग्नसराई त्यावर काढली, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

बॉक्सवर ५५० एमबी पर सेकंदच्या आसपास स्पीड छापलेला असतो, तो या बोर्डवर मिळत नाही. एच६१ चिपसेटला साटा २ चे, म्हणजे ३ जीबीपीएसचेच पोर्ट, टेस्टमध्ये २७० च्या आसपास दिसतं. एनव्हीएमईच्या, म्हणजे वेगळ्या स्लॉटवर बसणाऱ्या जास्त वेगवान एसएसडीच्या, नादाला तर लागूच नका, बोर्डवर स्लॉट नाही, कार्ड लावून ड्राइव्ह दिसते पण तिच्यावरून विंडोज बूट करायचं म्हटलं की असले जुने बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) हात वर करतात.

मग फरक पडतो का? जाम पडतो. जुनी डिस्क रखडायची ती मोठी फाइल वाचताना नाही, बारक्या बारक्या ढीगभर फाइली गोळा करताना, कारण प्रत्येकीसाठी आतलं हेड इकडून तिकडे पळणार. आमच्याकडे मराठी फॉन्टच शेकड्यांनी, कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडेपर्यंत गिऱ्हाईक मोबाइल काढून बसायचं, मग नवरदेवाच्या नावाला फॉन्ट दाखवायला यादी खाली ओढली की परत पांढरी स्क्रीन आणि गोल फिरणारं चक्र. आता यादी सरसर खाली जाते. लोक बूट टाइमचं कौतुक करतात, मला हेच भारी वाटतं. बायोसचा स्वतःचा वेळ काही कमी होत नाही हां, तो आहे तेवढाच.

बसवताना दोन गोष्टी बघा. एक, ड्राइव्ह अडीच इंची आणि कॅबिनेटचा खण साडेतीन इंची, ब्रॅकेट मिळतो, नाही मिळाला तर दोन स्क्रूवर पण भागतं, आत फिरणारं काही नसतं. दुसरं, बायोसमध्ये साटा मोड बऱ्याचदा आयडीई (जुनी पद्धत) असतो, तो एएचसीआय (नवी पद्धत) करायचा, पण थेट बदलला तर निळी स्क्रीन यायची शक्यता, म्हणून आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग सेटिंगमधून सेफ मोड लावा, मग बायोस बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू झालं की तो टिक काढा. सगळी सॉफ्टवेअर परत टाकत बसायला वेळ कुणाला, मी क्लोनझिला नावाच्या सॉफ्टवेअरने सरळ क्लोन केलं, म्हणजे जुन्या डिस्कवरचं जसंच्या तसं नवीवर उतरवलं. फक्त त्याला नवी ड्राइव्ह जुनीपेक्षा लहान चालत नाही, माझी जुनी ५०० ची, त्यामुळे आधी सी ड्राइव्ह आकसून घ्यावी लागली आणि फक्त विंडोजचे पार्टिशन (डिस्कचे भाग) उचलले. ज्याला हे झेपत नाही त्याने फ्रेश विंडोज टाकावी.

न आवडलेलं पण सांगतो. मोठ्या फ्लेक्सच्या फाइलींचा फोल्डर पेनड्राइव्हवरून आत ओढला की सुरुवातीला जोरात जातो, मग मध्येच दम लागल्यासारखा पडतो. स्वस्त ड्राइव्हची वेगवान कॅशे (आधी तात्पुरतं साठवायची छोटी जागा) भरली की असंच होतं. आणि जुनी डिस्क मी जुन्या कामांसाठी आतच ठेवलीय, ती थोड्या वेळाने झोपते, तिच्यावरची फाइल उघडायला गेलं की कुर्रर्र करत जागी होईपर्यंत सगळं थांबतं. पॉवर ऑप्शनमध्ये हार्डडिस्क बंद करायची वेळ ० केली की हा त्रास जातो. मोठ्या फाइलीवर इफेक्ट टाकला की आय३ घामाघूमच, तिथे एसएसडी काय करणार.

क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये हेल्थ ९८ टक्के दाखवतंय, आमच्या वापराला काही टेन्शन नाही. टेन्शन दुसरंच. हार्डडिस्कवरनं चुकून उडालेली फाइल रिकव्हरीवाल्या सॉफ्टवेअरने बऱ्याचदा परत मिळायची. एसएसडीत ट्रिम चालू असतं, डिलीट झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करून टाकते, मग शोधून हाती काही लागत नाही. त्यामुळे चालू पत्रिकांची कॉपी रोज संध्याकाळी जुन्या डिस्कवर टाकतो आणि शनिवारी बाहेरच्या डिस्कवर.