जपानी करवत आठ महिने वापरली, रेघेवर कापण्याबद्दल

दिवाळीच्या आधी २४० मिमी पात्याची जपानी र्‍योबा करवत ऑनलाईन मागवली, आता जून संपत आला, दर शनिवार-रविवार वापरायलोय म्हणून लिहितोय. बेळगावला टिळकवाडीत घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं स्टूल, पाट असलं काहीबाही करतो, सागवान खानापूरचं नाहीतर पाडलेल्या घराचे वासे.

ही करवत ओढताना कापते. ओढलं की पातं ताठ राहतं, म्हणून अर्धा मिमी पातळ असलं तरी चालतं आणि चीर एक मिमीच्या आतच पडते. आपली नेहमीची ढकलताना वाकू नये म्हणून जाड पात्याची. हिच्या एका कडेला उभं फाडायचे दात, दुसऱ्या कडेला आडवं कापायचे.

तरी पहिले दोन महिने रेघ सुटायचीच, वरनं बरोबर वाटायचं आणि लाकूड उलटवलं की खाली दोन मिमी आत. मला वाटलं करवतच वाकडी. खानापूरला लाकूड घेतो तिथं एक वयस्कर बडिगेर म्हणजे सुतार आहेत, कन्नडच बोलतात, त्यांनी दोनदा ओढून बघितली आणि म्हणाले, "गरगस चलो ऐती, पेन्सिल बिडरी." करवत चांगलीच आहे, पेन्सिल सोडा.

खरंच तिथंच चुकत होतं. पेन्सिलची रेघ जाड, तिच्या कुठल्या कडेनं जायचं हेच ठरत नाही. आता गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, दाबून धरतो, सुरीनं आधी हलकी रेघ, मग दोन-तीनदा त्यातच जोरात, आणि टाकाऊ बाजूनं पटाशीनं तिरकी कपची काढतो, झाली खाच. करवत त्यात आपोआप बसते. पलीकडच्या कोपऱ्यावर बोटभर ओढी घेऊन सुरू करायचं, हळूहळू मूठ खाली आणत वरची आणि समोरची दोन्ही रेघा बघत जायचं, भुसा फुंकत राहायचं. मूठ आवळली की पातं वळतंच, हे मला फार उशिरा कळलं. आणखी एक, पातं चकचकीत आहे तर त्यात लाकडाची कड सरळ पुढं गेल्यासारखी दिसायला पाहिजे, मोडलेली दिसली तर पातं काटकोनात नाही.

फेब्रुवारीत स्टुलाच्या पायाच्या खाचेत जाणारं टोक असं कापलं तर सुरीच्या रेघेची अर्धी कड सगळीकडं चकाकत शिल्लक होती, बसवताना आतली हवा फुस्स करून बाहेर आली. पटाशी लावावीच लागली नाही, मी ते चार वेळा काढून परत बसवलं.

तक्रार एकच. जुन्या वाशात खिळा लपलेला होता, चार दात गेले. हे दात कडक केलेले असतात, कानस नुसती घसरते, पातंच बदलावं लागतं. त्यामुळं जुन्या लाकडाला जुनीच करवत वापरा. आणि बेळगावच्या पावसात दोन दिवस नुसती टांगून ठेवली तरी तांबूस ठिपके येतात, शिलाई मशीनचं तेल पुसून ठेवायला लागतं.

नवीन पातं मागवलंय. गणपतीच्या आधी चौरंग करायचाय, त्याच्या पट्ट्यांवर सुरीच्या रेघा मारून ठेवल्यात.