सराफ्यातील रात्र आणि छप्पनची दुपार: इंदूरमधील तीन दिवसांच्या खाण्याचा हिशेब

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, पत्नी आणि दोन मुले असे आम्ही चौघे तीन दिवसांसाठी इंदूरला गेलो होतो. उज्जैन आणि महेश्वर ही दोन ठिकाणे कार्यक्रमात होती खरी, परंतु सकाळचे आणि रात्रीचे खाणे शक्यतो इंदुरातच व्हावे, अशा बेतानेच सगळी आखणी केली होती. माझ्या आत्याचे सासर इंदूरचे असल्यामुळे कोठे काय खावे याची यादी तिने आधीच फोनवर लिहून घ्यायला लावली होती आणि "हॉटेलातला नाश्ता भाड्यात धरलेला असला तरी सोडून दे, पहिल्या सकाळी पोहेच खा," अशी तंबीही दिली होती. ती तंतोतंत पाळली, याचा आता आनंद वाटतो.

कांदेपोह्यांवर वाढलेल्या माणसाला इंदुरी पोहे पहिल्या घासाला थोडे अनोळखी वाटतात. फोडणीत परतलेला कांदा नाही, खोबरे नाही. जिभेला आधी लागते ती बडीशेप आणि तिच्यामागोमाग साखरेचा किंचित गोडवा. गाडीवर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भलीमोठी परात बसवलेली असते आणि पोहे त्या वाफेवरच तासन्‌तास गरम राहतात, त्यामुळे ते कोरडे पडत नाहीत आणि मऊ राहण्यासाठी त्यांना तेलाचीही फारशी गरज लागत नाही. खरे काम ताटलीत होते. पोह्यांवर बारीक चिरलेला कच्चा कांदा, मूठभर शेव, कोथिंबीर, लिंबू, हंगाम असेल तर डाळिंबाचे दाणे आणि सगळ्यांवर जिरावण. जिरे, काळे मीठ, आमचूर, हिंग आणि गरम मसाल्यातील काही जिनसा कुटून केलेला हा तपकिरी मसाला माळव्यात कशावरही भुरभुरला जातो आणि पोह्यांची सगळी चव त्याच्यावरच तोललेली असते. बाजूच्या कढईतून निघणारी पातळ, कुरकुरीत जिलबी पोहे संपल्यावर गोड म्हणून खायची नसते. एक घास पोह्यांचा आणि एक तुकडा जिलबीचा, असे खाल्ले तरच त्या जोडीतील गंमत कळते. धाकट्या मुलाने जिलबी शेवटी खाऊ म्हणून बाजूला ठेवली आणि तोवर ती गार होऊन चिवट झाली.

दुसऱ्या सकाळी राजवाड्याच्या बाजूला उसळपोहे खाल्ले आणि माझे मत तिकडे झुकले. नागपूरच्या तर्री पोह्यांशी त्यांचे नाते उघड आहे, मात्र इथली उसळ तिखटाला सौम्य आहे आणि ती मागाल तेवढीच घालतात. इंदुरात पोहे मराठी माणसांबरोबर आले असे तेथील लोकच सांगतात. मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि दरबाराबरोबर मराठी कुटुंबांची वस्तीही वाढली. उसळ आणि साबुदाण्याची खिचडी या शहरात इतक्या सहज का सापडते, याचे उत्तर मला तरी त्यातच दिसते.

आता सराफ्याविषयी. सात मजली राजवाड्याच्या मागच्या बाजूला असलेली ही दिवसा सोन्याचांदीची पेठ आहे; रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास दुकानांची शटरे खाली येऊ लागली की त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर आणि ओट्यांवर शेगड्या, कढया आणि तवे मांडले जातात, आणि मध्यरात्र उलटून गेली तरी खाणे चालू राहते. रात्री माणसांची वर्दळ राहिली तर दुकानेही सुरक्षित राहतील, या विचाराने सराफांनीच खाद्यपदार्थवाल्यांना जागा दिली, अशी कथा सांगितली जाते. येथे सगळे शाकाहारी मिळते. आम्ही पहिल्यांदा गेलो ती शनिवारची रात्र होती आणि ती निव्वळ चूक होती. गल्लीत पाऊल टाकायला जागा नव्हती, हातातील द्रोण सांभाळताना शेजारच्याच्या कोपराचा धक्का बसत होता, आणि मुलांचा हात धरायचा की पाकीट सांभाळायचे, हाच प्रश्न होता. सोमवारी रात्री साडेनऊला पुन्हा गेलो तेव्हा हीच गल्ली ओळखू येईना. विक्रेत्यांना बोलायला वेळ होता आणि आम्हाला उभे राहून पाहायला.

मला विचाराल तर सराफ्यात सर्वांत आधी गराडू खावा. आपल्या कोनफळाच्या जातकुळीतील हा कंद फक्त हिवाळ्यात मिळतो, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना तो भेटणार नाही. आम्ही ज्या गाडीपाशी थांबलो तेथील गृहस्थ कंदाचे बोटभर जाडीचे तुकडे एकदा मंद आचेवर तळून तव्याच्या कडेला रचून ठेवत होते. गिऱ्हाईक आले की तेवढेच तुकडे पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे, झाऱ्याने निथळून परातीत घ्यायचे, त्यांवर गराडूचा खास मसाला घालायचा, अर्धे लिंबू हातानेच पिळायचे आणि परात दोनदा वर उडवून द्रोणात ओतायची. बाहेरून खरपूस, आत मऊसूत आणि किंचित चिकट, अशा त्या तुकड्याची तुलना बटाट्याशी करणे अन्यायाचे आहे. आम्ही दोन द्रोण घेतले आणि परत येताना तिसरा घेतला.

भुट्ट्याच्या किसाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. मक्याचे कणीस किसून तो कीस तुपावर हिंग, मोहरी आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत परततात, दूध घालून आटवतात आणि वरून खोबरे, कोथिंबीर व लिंबू देतात. पदार्थ म्हणून तो उत्तमच आहे. परंतु तो मुळात पावसाळ्यातील देशी मक्याचा. डिसेंबरात आम्हाला मिळालेला कीस स्वीटकॉर्नचा होता, त्यामुळे तो इतका गोड झाला होता की लिंबाची दुसरी फोड मागावी लागली. आत्याने दुसऱ्या दिवशी हे ऐकून "मग श्रावणात ये," एवढेच म्हटले.

साबुदाण्याची खिचडी मात्र चुकवू नये, विशेषतः आपण मराठी माणसांनी, कारण नाव तेच असले तरी पदार्थ वेगळा आहे. आपल्याकडे दाण्याचे कूट लावून तुपाच्या फोडणीत परतलेली खिचडी असते. सराफ्यात भिजवलेला साबुदाणा वाफेवर ठेवलेला असतो, मोकळा आणि जवळजवळ पांढरा. मागणी आली की विक्रेता तेवढा भाग वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात मसाला, शेंगदाणे, कोथिंबीर, मिरची, लिंबू आणि बटाट्याच्या सळ्यांचा फराळी चिवडा असे सगळे एकत्र कालवून देतो. तिचे रूप भेळेच्या अधिक जवळचे. पत्नीचे म्हणणे असे की याला खिचडी म्हणू नये. मी तिच्या वाटणीचीही खाल्ली.

जोशी दहीवडा हाऊसपाशी गर्दी असते ती निम्मी खाण्यासाठी आणि निम्मी पाहण्यासाठी. दह्याने भरलेला द्रोण वड्यासकट हवेत उडवून पुन्हा झेलतात आणि दह्याचा थेंबही सांडत नाही. मला मात्र त्याहून चिमटीचे कसब मोठे वाटले: मीठ, मिरची, जिरे असे पाच मसाले एकाच चिमटीत उचलायचे आणि दह्यावर एकेक करून वेगवेगळे सोडायचे. मी मुद्दाम पुढे सरकून पाहिले. लाल रेघ वेगळी, तपकिरी वेगळी, पांढरी वेगळी पडत होती. वडा हलका होता, दही गोडसर आणि घट्ट होते, म्हणजे खेळ बाजूला ठेवला तरी पदार्थ आपल्या पायावर उभा आहे. तीच गोष्ट विजय चाट हाऊसच्या खोपरा पॅटिसची. बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचे सारण, बाहेर कुरकुरीत आवरण आणि सोबत हिरवी व चिंचेची चटणी. कोकणातील माणसालाही तेथील खोबऱ्याच्या ताजेपणाविषयी तक्रार करायला जागा मिळणार नाही.

सराफ्यातील प्रत्येक गोष्टीविषयी असे म्हणता येणार नाही. मोबाइलच्या पडद्यावर सर्वाधिक फिरणारा जलेबा, म्हणजे पाव किलोहूनही जड भरणारी एकच जाडजूड जिलबी, आम्ही एका गाडीवर घेतला. तो आधीच तळून ठेवलेला होता, बाहेरून पाकाने ओथंबलेला आणि मध्यभागी मैद्याचा कच्चट वास येणारा. चौघांत मिळूनही तो संपला नाही. पेटता विडा तोंडात भरवणारे पानवाले, मोमो आणि चीज घातलेले डोसे यांची गर्दीही वाढलेली आहे. हे सगळे पुण्यात आणि ठाण्यातही मिळते, त्यासाठी रात्रभर गाडीत बसून येथवर येण्याचे कारण नाही. गोड खायचेच असेल तर मावाबाटी घ्यावी. आत सुक्या मेव्याचे सारण असलेला खव्याचा हा तळलेला गोळा पाकात मुरलेला असतो आणि दोघांत एक पुरतो. रबडीत बुडवलेला मालपुवाही चांगला होता, पण तोवर आमच्या पोटात जागा उरली नव्हती, त्यामुळे त्याच्याविषयी अधिक लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शिकंजी या शब्दाने आम्ही चौघेही फसलो होतो. उत्तरेत इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. इंदुरात ते आटवलेल्या दुधाचे, केशर, जायफळ आणि सुका मेवा घातलेले, ताकासारख्या हलक्या आंबटपणाचे दाट पेय आहे. बडा सराफ्यातील नागोरींच्या दुकानात ते घेतले आणि पहिल्या घोटालाच मला दादरचे पियूष आठवले, मात्र हे त्याहून दाट. एका पेल्यात दोघांचे भागते. ते दुपारी पोट रिकामे असताना प्यावे. रात्रीच्या खाण्यानंतर प्यायलात तर झोप येणार नाही.

न्यू पलासियातील छप्पन दुकान हा सराफ्याच्या अगदी उलट अनुभव आहे. नावाप्रमाणे छप्पन दुकानांची ही रांग आहे, समोरच्या रस्त्यावर वाहनांना मज्जाव आहे आणि बसायला बाके आहेत. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये तिला स्वच्छ खाऊगल्लीचे मानांकन दिले आहे. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ ते २०२३ सातत्याने पहिल्या क्रमांकावर राहिले, त्याचा अर्थ येथे कळतो: माझ्या मुलाने कागदी द्रोण बाकावरच ठेवला, तर समोरच्या दुकानदाराने त्याला हात धरून कचरापेटीपर्यंत नेले आणि ओला कचरा कोणता, सुका कोणता, हे समजावून सांगितले. म्हातारी माणसे किंवा लहान मुले बरोबर असतील त्यांनी सराफ्याच्या आधी येथे यावे. जॉनी हॉट डॉगमध्ये सॉसेज शोधू नये; येथील शाकाहारी हॉट डॉग म्हणजे गोल पावात तव्यावर शेकलेली बटाट्याची टिक्की आणि चटणी, तर बेंजो म्हणजे त्याच पावात अंड्याचे ऑम्लेट. मोजकेच पदार्थ, भराभर हलणारी रांग आणि हातात येणारा गरम पाव, एवढ्यावर ते दुकान चालते. मला बेंजो अधिक आवडला. बाकीच्या दुकानांपैकी काहींत पिझ्झा आणि चायनीज शिरलेले आहे, त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

सर्वांत मोठी निराशा झाली ती बसून जेवण्याच्या ठिकाणी. दालबाफला हे माळव्याचे खरे जेवण. जाडसर कणकेचे, हळद आणि ओवा घातलेले गोळे आधी पाण्यात उकडतात, मग गोवरीच्या आचेवर भाजतात आणि तुपात बुडवतात. उकडण्याची ही पायरीच बाफल्याला राजस्थानी बाटीपासून वेगळे करते, कारण त्यामुळे तो आतून मऊ राहतो. एका नावाजलेल्या, वातानुकूलित उपाहारगृहात आम्ही चार थाळ्या मागवल्या. बाफले सकाळचे होते आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले होते, हे पहिला मोडतानाच समजले: कड चामड्यासारखी चिवट आणि आत गार ठिक्कर. तूप वासाला वनस्पती तुपासारखे होते. व्यवस्थापकांना नम्रपणे सांगितले, तेव्हा त्यांनी आणखी तूप वाढायला सांगितले, म्हणजे तक्रार ज्याची होती तेच पुन्हा ताटात आले. चौघांच्या त्या एका जेवणाला जेवढे पैसे पडले, त्याहून कमी पैशांत आम्ही सराफ्यातील दोन्ही रात्री काढल्या होत्या.

तो डाग आत्याने पुसला. शेवटच्या दिवशी दुपारी तिच्या अंगणात गोवऱ्या पेटवून तिच्या जाऊबाईंनी बाफले केले, आणि त्या हाताने बाफला कुस्करून, त्यावर तुरीची आंबटगोड डाळ ओतून, बाजूला लसणाची चटणी आणि त्याच कणकेचे चुरम्याचे लाडू ठेवत गेल्या. तिसऱ्या बाफल्याला मी हात जोडले. "दोनांवर थांबणारा जावई आमच्याकडे चालत नाही," असे आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणाले, मी त्यांचा भाचा आहे हे तेवढ्यापुरते विसरून.

निघताना आत्याच्या नेहमीच्या दुकानातून लवंग घातलेली शेव आणि पाव किलो जिरावण घेतले. जिरावण तेथेच कुटलेले, उघड्या डब्यातून तोलून देतात. बंद पाकिटातील त्यापेक्षा बेताचेच वाटले. ते फोडणीत घालायचे नाही, ताटलीतील पोह्यांवर शेवटी भुरभुरायचे, अशी सूचना आत्याने गाडी सुटेपर्यंत दोनदा केली. घरी आल्यावर पहिल्याच रविवारी मी ते फोडणीत घातले आणि काळे मीठ करपल्याचा वास संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात राहिला.