उसाच्या वाढ्यांवर पोसलेली हरणे : मॉरिशसमधील एका फार्मभेटीचे परीक्षण

आमचा ऊस कराड तालुक्यात आहे आणि गोठ्यात अकरा गाई आहेत, त्यामुळे कोठेही गेले तरी माझी नजर आधी गव्हाणीकडे जाते. गेल्या ऑक्टोबरात आम्ही मॉरिशसमध्ये कास्कावेल या गावी परिचितांकडे उतरलो होतो. या गावात मराठी वंशाची बरीच घरे आहेत. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी-साताऱ्याकडून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून आले होते. त्यांच्याच ओळखीने ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील एका हरीणफार्मची अर्ध्या दिवसाची सहल आम्ही घेतली. तिच्यात उघड्या गाडीतून कुरणाची फेरी, चाऱ्याच्या शेडची पाहणी आणि शेवटी जेवण असे तीन भाग होते. फार्मचे नाव मी येथे देत नाही, कारण काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि त्या मी मालकांच्या कानावर तेथेच घातल्या आहेत.

ही हरणे मूळची जावा बेटावरची, रुसा जातीची. डच गव्हर्नर आद्रियान व्हान डर स्टेल यांनी 1639 मध्ये ती बेटावर आणली, आणि ऊसही डचांनी त्याच वर्षी जावाहून आणला. उसाची आणि हरणांची या बेटावरची सोबत अशी पहिल्या दिवसापासूनची आहे, आणि आज त्याच उसाचे वाढे, म्हणजे तोडणीत काढलेले हिरवे शेंडे, त्याच हरणांच्या गव्हाणीत पडतात, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. मोकळ्या रानात वाढलेल्या या हरणांची आज कुंपण घातलेल्या मोठ्या कुरणांत रीतसर जोपासना होते आणि त्यांचे मांस बेटावर सर्व धर्मांच्या घरांत खाल्ले जाते.

गाडीची फेरी ठीक होती, तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खरी भेट चाऱ्याच्या शेडपासून सुरू झाली. आमचे मार्गदर्शक साठीच्या घरातले मराठी गृहस्थ होते. त्यांची घरची भाषा क्रिओल, पण शाळेत शिकलेले मराठी त्यांनी जपून ठेवले आहे. मी त्यांना काका म्हणत होते आणि ते मला ताई. त्यांनी शेडचे दार सरकवले तेव्हा मळीचा, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या काळ्या पाकाचा, तो गोडसर, किंचित जळका वास आला, जो गळीत हंगामात आमच्या कारखान्याच्या रस्त्यावर येतो, आणि क्षणभर मी कोठे आहे याचा मला विसर पडला.

शेडमध्ये त्या सकाळी तोडलेले वाढे कुट्टी करून ढीग घातलेले होते. तुकडे बोटाच्या दोन पेरांएवढे, एकसारखे. मी मूठभर उचलून वास घेतला. कोठेही उबल्याचा वास नव्हता आणि आतला भाग हाताला गरम लागत नव्हता. हिरवी कुट्टी ढिगात राहिली की काही तासांत तापते आणि हरिणासारखे चोखंदळ जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणून ही गोष्ट मी मुद्दाम तपासली. येथे फार्मला मी पूर्ण गुण देईन.

वाढ्यांचा मेळ या बेटावर विशेष चांगला बसतो. मॉरिशसमध्ये ऊसतोड साधारण जून ते डिसेंबर चालते, आणि बेटाचा हा पश्चिम भाग मे ते ऑक्टोबर चांगलाच कोरडा असतो. म्हणजे कुरणातले गवत वाळते त्याच महिन्यांत शेतातून हिरवे वाढे निघत असतात. आपल्याकडे वाढे संपतात तेव्हा उन्हाळा तोंडावर असतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी दावण रिकामी पडते. तेथे निसर्गाने आणि हंगामाने ती जोडणी आपोआप करून दिली आहे.

मात्र वाढ्यांवर जनावर जगते, वाढत नाही. कोरड्या वजनावर त्यांत प्रथिने जेमतेम 5 ते 6 टक्के असतात, आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील सूक्ष्मजीवांना काम करायलाच सुमारे 7 टक्के लागतात. गाय मोठ्या पोटाच्या बळावर निकृष्ट वैरणही बराच काळ घोळवत ठेवते. हरिणाचे पोट त्यामानाने लहान असते, चारा त्यातून लवकर पुढे सरकतो, म्हणून ते प्रत्येक घास निवडून खाते. गव्हाणीपाशी मी हे अगदी जवळून पाहिले. एका मादीने कुट्टीत नाक घालून कोवळी पाने ओठांनी अलगद वेचली, जाड देठाचा एक तुकडा चुकून तोंडात आला तो जिभेने बाहेर ढकलला, कान मागे फिरवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पाने वेचू लागली. तिने सोडलेले तुकडे गव्हाणीच्या तळाशी साचत होते. ते दुपारी काढून खताच्या खड्ड्यात टाकतात.

प्रथिनांची ही उणीव फार्म ज्या रीतीने भरून काढतो, ती मला या भेटीत सर्वांत मोलाची वाटली. कुंपणाच्या कडेने सुबाभळीची दाट रांग आहे, जिला तेथे ‘अकासिया’ म्हणतात. तिचा पाला रोज छाटून कुट्टीत मिसळतात. या पाल्यात प्रथिने 20 टक्क्यांच्या वर असतात, म्हणून थोड्याशा पाल्याने सगळ्या गव्हाणीचा कस बदलतो. सुबाभळीत मिमोसिन नावाचे विषारी द्रव्य असते, हे आपल्याकडच्या पशुपालकांना ठाऊक आहे. ते पचवणारे जंतू हवाई बेटांवरच्या शेळ्यांच्या पोटात असल्याचे ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले आणि ते ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडले. या फार्मवर पाल्याचे प्रमाण एकूण चाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आत ठेवतात असे काकांनी सांगितले. मिश्रण डोळ्यांनी पाहता मला ते खरे वाटले.

खनिज मिश्रणाचीही व्यवस्था होती. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते आणि ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवते; आमच्याकडे त्यासाठी चुन्याची निवळी देतात. नर हरिणाला तर दर वर्षी जुनी शिंगे गाळून नवी उभी करायची असतात, आणि शिंग म्हणजे हाडच. त्यामुळे केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या कळपात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची ओढाताण होणारच. येथे चाटण-विटा जागोजागी टांगलेल्या होत्या आणि त्या चाटून मधोमध झिजलेल्या होत्या, म्हणजे त्या केवळ पाहुण्यांना दाखवण्यासाठी लावलेल्या नव्हत्या. गव्हाणीही एकमेकींपासून चांगल्या लांब होत्या. दांडगे नर माद्यांना आणि पाडसांना हाकलून लावतात, म्हणून एकाच लांब गव्हाणीवर सगळा कळप सोडला तर दुबळी जनावरे उपाशी राहतात. हा विचार कोणीतरी जातीने केला आहे.

आता तक्रारी. मळीची टाकी उघडी होती. तिच्यावर मधमाश्या घोंगावत होत्या आणि आदल्या रात्रीच्या सरीचे पाणी वर तरंगत होते. पाणी मिसळलेली मळी आंबते, आणि जर तिच्यात युरिया कालवलेला असेल तर वर साचलेले पाणी युरिया विरघळवून घेते; ते पाणी एखाद्या जनावराने प्यायले तर विषबाधा होऊन काही तासांत ते दगावू शकते. या फार्मवर मळीत युरिया घालतात का, या प्रश्नाला मला स्पष्ट उत्तर मिळाले नाही. एवढ्या नीटनेटक्या शेडमध्ये एका झाकणाची हयगय मला फार खटकली.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. फेरीच्या शेवटी पाहुण्यांना पावाची पिशवी दिली जाते आणि हरणांना हाताने भरवायला सांगितले जाते. मुले खूश होतात, छायाचित्रे चांगली येतात; पण वर्षभर पाला आणि कुट्टी खाणाऱ्या पोटात अचानक मैद्याचा मारा झाला की आम्लता वाढते, रवंथ थांबते आणि जनावर आजारी पडते. जो फार्म पाल्याचे प्रमाण इतके जपतो, त्यानेच पाव वाटावा हे मला पटले नाही. पावाऐवजी सुबाभळीची डहाळी हातात दिली तर मुलांचा आनंद तेवढाच राहील, असे मी काकांना सुचवले आणि त्यांनी ते मनावर घेतल्यासारखे दिसले.

तिसरी गोष्ट फलकाची. शेडबाहेरच्या फलकावर हा चारा ‘फुकटचा’ असल्याचे लिहिले आहे, आणि ते बरोबर नाही. वाढे वाया जाणारा माल म्हणून मोजले जातात खरे, पण ते हाताने तोडलेल्या फडातूनच गोळा करता येतात. तोडणी यंत्र शेंडे उडवून रानभर पसरवते, आणि बेटावर यंत्रतोड वाढत आहे. शिवाय रानात राहिलेले पाचट आणि शेंडे ओल धरून ठेवतात, ते उचलले तर जमिनीला काहीतरी परत द्यावे लागते. चिपाडाचे म्हणाल तर त्याला तेथे विजेसाठी मागणी आहे आणि मळीला मद्यार्कासाठी. त्या फलकावर चाऱ्याचा खरा हिशोब लिहिला असता तर माझ्यासारख्या शेतकऱ्याला त्याचा अधिक उपयोग झाला असता.

जेवणात हरणाच्या मांसाची मसालेदार करी, भात, डाळ आणि टोमॅटोची चटणी होती. मांस कमी चरबीचे आणि मऊ शिजलेले होते, त्याला कोणताही उग्र वास नव्हता. शाकाहारी पाहुण्यांसाठी भाजी एकच होती, तीही गार.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरीण पाळता येत नाही, तेव्हा व्यवसायाच्या कल्पना घेऊन कोणी जाऊ नये. ज्यांच्या घरी ऊस आणि दुभती जनावरे दोन्ही आहेत, त्यांनी मात्र ही भेट अवश्य घ्यावी. जून ते सप्टेंबर हा शिकारीचा हंगाम असतो, म्हणून ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर धरावा. तेव्हा तोडही चालू असते. आरक्षण करताना सकाळी चारा टाकण्याची वेळ विचारून तीच फेरी मागून घ्यावी, कारण दुपारच्या फेरीत गव्हाणी रिकाम्या असतात आणि कळप सावलीला आत गेलेला असतो.