डेंगफेंगला महिनाभर कुंग फू: नवख्यांनी जावं का?

चार आठवड्यांत काठ्या-तलवारी फिरवायला मिळतील या आशेनं जाणार असाल, तर पैसे खर्च करू नका. मला महिन्याभरात एकच छोटा क्रम शिकवला, वूबूछ्वान. पाच मूळ पवित्रे एकामागून एक, बस. तरीही मी पुन्हा जाणार आहे, आणि ते फक्त शीफूंसाठी, म्हणजे तिथल्या गुरूंसाठी.

डेंगफेंग हे चीनच्या हेनान प्रांतातलं, सोंगशान डोंगराच्या कुशीतलं शहर. शाओलिन मठ तिथून जवळ. पहाटे एकसारख्या कपड्यांतली मुलं रांगेनं पळताना दिसतात, इतक्या युद्धकलेच्या शाळा तिथे आहेत. आमची शाळा लहान होती. शिकवणारे शीफू भिक्षू, आणि आम्ही नऊ परदेशी, सगळे कोरे.

पहिला आठवडा माबूतच गेला. माबू म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं: पाय फाकवून, पावलं सरळ पुढे, मांड्या जमिनीला जवळपास समांतर, पाठ ताठ. मी चाळीस सेकंदांत थरथरायला लागले, आणि आधीच कुरकुरणारा उजवा गुडघा बोंबलायला लागला. शीफू मागे आले. दोन बोटांनी कंबरेचं खालचं टोक किंचित आत वळवलं, गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत बाहेर ढकलला. भार गुडघ्यावरून निघून मांडीवर आला. दुखणं तेवढंच, पण आता ते योग्य जागी होतं! इतकी वर्षं व्यायाम करतेय, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. शीफूंना इंग्रजी येत नाही. 'त्साय लाय', पुन्हा, एवढंच म्हणायचे, आणि आवाज एकदाही चढला नाही.

रविवारी मठ पाहायला गेलो. 495 साली उत्तर वेई सम्राटानं बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी तो बांधला. शाओलिनशी जोडल्या जाणाऱ्या बोधिधर्माचं नाव आपल्याला माहीत असतं, या बातुओचं क्वचितच कुणाला ठाऊक असतं. एका सभागृहाच्या विटांच्या जमिनीला 48 खळगे पडलेत, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षूंनी पाय आपटून सराव केल्याचे. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. सोमवारी पाय आपटायचा धडा आला, तेव्हा शीफूंनी माझी टाच आधी टेकतेय हे आवाजावरूनच ओळखलं. पूर्ण तळवा एकदम टेकला की आवाज वेगळा येतो, बसका आणि भरीव. तो मला तिसऱ्या आठवड्यात जमला.

आणखी एक गोष्ट आवडली. वर्ग सुरू होताना आणि संपताना एकच हात छातीपुढे धरून 'आमितुओफो', म्हणजे अमिताभ बुद्धाचं नाव, म्हणायचं. एकच हात का, तर बोधिधर्मानं शिष्य करून घ्यावं म्हणून बर्फात उभं राहून स्वतःचा हात तोडणाऱ्या ह्वीकची आठवण, अशी आख्यायिका दुभाष्या मुलीनं सांगितली. त्यानंतर तो नमस्कार माझ्याकडून कधी घाईत झाला नाही.

आता तक्रार. शाळेच्या जाहिरातीत 'शाओलिनमध्ये प्रशिक्षण' असं होतं. वर्ग प्रत्यक्षात मठाबाहेर, शहरातल्या एका आवारात. दुसरं जास्त गंभीर: दुभाषी फक्त सकाळी, आणि दुपारी बऱ्याचदा शीफूंना दुसऱ्या तुकडीकडे पाठवायचे. मग एक जुना विद्यार्थी नुसते आकडे मोजायचा, चुका कुणीच सुधारायचं नाही. अशाच एका दुपारी पूबूत, म्हणजे एक पाय लांब पसरून खाली बसताना, माझ्या शेजारच्या मुलाची मांडीमागची शीर ताणली आणि त्याचा पुढचा आठवडा गेला. नवख्याला चुकीच्या पवित्र्यात शंभर वेळा बसवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

जेवण साधं: मांतोऊ म्हणजे वाफवलेले पाव, भाताची पेज, परतलेल्या भाज्या. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. खोल्या ठीक.

पैसे भरण्याआधी शाळेला दोनच प्रश्न लेखी विचारा: भिक्षू स्वतः दिवसाचे किती तास मैदानावर असतात, आणि दुपारी दुभाषी असतो का. मी पुढच्या खेपेला हे विचारूनच पैसे भरणार आहे, आणि दुपारीही हेच शीफू हवेत असं सांगणार आहे.