न्यूब्रू बिअर: पाणी कुठलं ते विचारूनच प्यायलेली

आधीच सांगतो, मी बिअरचा जाणकार नाही. सोलापुरात उन्हं तापली की वर्षाकाठी चार-पाच बाटल्या, त्याही गच्चीवर, एवढाच माझा अभ्यास. तरी या बिअरबद्दल लिहितोय, कारण पाण्याच्या बाबतीत मात्र आम्हा सोलापूरकरांचा अभ्यास दांडगा असतो.

मे 2022 मध्ये लेकीकडे सिंगापूरला होतो. ती सुपरमार्केटमधून न्यूब्रूचे तीन डबे घेऊन आली. "बाबा, ही सांडपाण्याची बिअर. घेणार?" मी काही बोलायच्या आत आमची ही आतून ओरडली, "स्वयंपाकघरातला ग्लास नेऊ नका हो!" म्हणून पहिला घोट डब्यालाच तोंड लावून घेतला.

चव चांगली आहे. लिंबाच्या सालीसारखा हलका वास, कडूपणा बेताचा आणि घोट उतरल्यावर मागे मधासारखी गोडसर चव राहते. कडक भाकरी आणि शेंगा चटणी मी बॅगेतून नेलीच होती. चटणीचा ठसका बसला की त्यावर ही गार बिअर फार छान लागते. कडक, जोरकस बिअर आवडणाऱ्यांनी नादी लागू नये, त्यांना हे सरबत वाटेल. किंमतीचं म्हणाल तर सिंगापुरात दारू महागच. रुपयात हिशोब करायचा नाही, घसा कोरडा पडतो.

आता पाण्याचं. ब्रूवर्क्स नावाची तिथली बिअर कंपनी आणि तिथलं सरकारी पाणी खातं यांनी मिळून ही काढली. 2018 मध्ये पाण्याच्या एका परिषदेत पहिल्यांदा दाखवली, दुकानात आली एप्रिल 2022 मध्ये. यातलं पाणी 'न्यूवॉटर'. म्हणजे घराघरातलं सांडपाणी आधी नेहमीसारखं शुद्ध करायचं, मग अतिबारीक छिद्रांच्या गाळणीतून काढायचं, मग आरओ, शेवटी अतिनील किरण. आरओ म्हणजे आपल्याकडे ओट्यावर टांगलेलं असतं तेच, फक्त कारखान्याएवढं. पाण्यात क्षार जवळपास उरतच नाहीत. बिअर करणाऱ्याला ते सोयीचं, हवं ते त्यालाच घालता येतं. आमच्या बोअरच्या पाण्याने बिअर केली तर बाटलीच्या बुडाला पांढरा थर बसेल.

हे न्यूवॉटर बहुतेक कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यांना आणि मोठमोठ्या इमारतींच्या एसीला जातं. कोरड्या दिवसांत त्यातलं थोडं तलावांत सोडतात, ते पुन्हा शुद्ध होऊन नळाला येतं. लेकीने हे मला हळू आवाजात सांगितलं, कारण पंधरा दिवस हिची देवपूजा त्याच नळावर चालली होती. आम्ही दोघांनी ठरवलं, हे आपल्यातच ठेवायचं.

तिथल्या लोकांनाही सुरुवातीला शंका होत्याच. 2002 च्या राष्ट्रीय दिनाला पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी भर मैदानात न्यूवॉटरची बाटली उघडली आणि जमलेल्या हजारो लोकांनीही त्यांच्याबरोबर ते प्यायलं. सांडपाणी हा शब्दच तिथे टाळतात, म्हणायचं 'वापरलेलं पाणी'. मला आधी ही चलाखी वाटली. पण ऑस्ट्रेलियात तूवुंबा गावात 2006 मध्ये, ऐन दुष्काळात, असं शुद्ध केलेलं सांडपाणी प्यायचं का यावर मतदान घेतलं तेव्हा सुमारे 62 टक्के लोक 'नको' म्हणाले. मग नावाचा खटाटोप कशासाठी ते कळतं.

आणि आपण? पुणे-पिंपरीचं पाणी, शुद्ध केलेलं आणि न केलेलं, मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनी धरणात येतं. उजनीतून शंभरेक किलोमीटरच्या पाइपलाइनने आमच्याकडे. म्हणजे वापरलेलं पाणी आम्ही कधीपासूनच पितोय, फक्त मधला तो आरओचा कारखाना नाही आणि डब्यावर कुणी तसं लिहीतही नाही. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे तळाचा मृतसाठाच उरला, की पाण्याला जो हिरवट वास येतो, त्याच्यापुढे न्यूब्रूचा वास म्हणजे अत्तर.

एक डबा कपड्यांत गुंडाळून सोलापूरला आणला. संध्याकाळी गच्चीवर चौघे जमलो. टॉवेलचा कारखाना असलेल्या मित्राने पहिला प्रश्न टाकला, "टीडीएस किती ओ याचा?" म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार किती. दुसऱ्याने वास घेतला, थोडी चाखली, म्हणाला, "लई काय वेगळं न्हाई की." बँकेतून रिटायर झालेले आमचे तिसरे मित्र मात्र हात मागे घेऊन बसले. "नको. कुणाकुणाचं पाणी असेल ते." मी बरंच समजावलं, आरओचं सांगितलं, पंतप्रधान प्यायले तेही सांगितलं. ते हलले नाहीत.

तेवढ्यात खालून हाक आली, "पाणी आलं ओ!" पाच दिवसांनी आलं होतं. बँकवाले सगळ्यात आधी उठले. मी पायऱ्या उतरेपर्यंत त्यांची मोटर सुरू झालेली, आणि नळाखाली ओंजळ धरून ते दोन घोट प्यायलेसुद्धा.